पत्रं 'पत्ता अपुरा' म्हणून परत जात असतील तर आधी तो लिफाफा मागवा

तुम्ही विचारलंय, "दीड महिन्यात माझी तीन रजिस्टर पत्रं 'पत्ता अपुरा' शेरा मारून परत गेली. पोस्टमनची तक्रार वर कुणाकडे करायची?" त्यातलं एक तरी पाकीट परत गेल्यावर तुम्ही स्वतः हातात घेऊन पाहिलंत का?

आमच्या घरी हेच झालं होतं, म्हणून विचारते. बाबांच्या विमा कंपनीची पत्रं लागोपाठ परत जात होती, शेरा हाच. हप्त्याची मुदत हुकली आणि बाबांच्या जिवाला घोर लागला. दादाने त्याच रात्री वरिष्ठ कार्यालयाला दोन पानी तक्रार लिहिली, पोस्टमनच्या नावानिशी. 'कामचुकार' हा शब्द त्यात चार वेळा होता. मी सांगत होते, अरे दादा, हा माणूस बारा वर्षं आपल्या दारात येतोय, बाकी सगळं टपाल आणून देतोय, मग नेमकं याच कंपनीच्या पत्रांना आपलं घर का सापडत नाही? त्याचं एकच, "तू त्यांची बाजू घेऊ नकोस."

मी कंपनीच्या मागे लागून परत आलेला लिफाफा तसाच, न फोडता मागवला. खिडकीचा लिफाफा होता, आतल्या कागदावरचा पत्ता बाहेरून दिसतो तो. नाव, इमारत, रस्ता, सगळं नीट दिसत होतं. लिफाफ्याची खालची कड टेबलावर हलकेच आपटली आणि आतला कागद बोटभर खाली घसरला. शेवटच्या दोन ओळी गायब. त्यातच पिनकोड होता. उलटून मागचे शिक्के पाहिले तर आमच्या पोस्टाचा शिक्काच नाही! पत्र सॉर्टिंगमध्येच भलत्या पोस्टात गेलं होतं आणि तिथून शेरा मारून परत. ज्याच्यावर दादाने दोन पानं खरडली, त्या माणसाच्या हातात ते कधी आलंच नव्हतं. तोवर त्याच्याकडून लेखी खुलासा मागून झाला होता. पुढचा महिनाभर तो आमच्या दारी पत्र द्यायचा, पण मान वर करून बघायचा नाही.

तेव्हा तुम्हीही आधी लिफाफा मागवा. मग सकाळी, पोस्टमन बीटवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या भागात, निघायच्या आधी पोस्टात जा. दुपारी जाऊन काउंटरवर भांडण्यात काही अर्थ नाही, टपाल वाटपाची माहिती असलेली माणसं तेव्हा बाहेर असतात. तुमच्या बीटवर सध्या बदली पोस्टमन आहे का, ते विचारा. पेटीवर घरातल्या सगळ्यांची नावं हवीत, आडनाव वेगळं असलेल्यांची तर आधी. एक सोपी चाचणी: स्वतःच्या पत्त्यावर तारीख टाकून दोन पत्रं पाठवा, एक पूर्ण पत्ता लिहून, एक पाठवणारा लिहितो तसा. कुठलं येतं ते बघा.

परदेशातून येणाऱ्या रजिस्टर पत्राचा क्रमांक अक्षरं-आकडे मिळून १३ चिन्हांचा असतो: आधी दोन अक्षरं, मग ९ आकडे, शेवटी जिथून निघालं त्या देशाची दोन अक्षरं. त्यातला नववा आकडा पडताळणीचा, त्यामुळे एक आकडा चुकीचा टाकला तरी बहुतेक वेळा क्रमांक जुळत नाही. चौकशीचा अर्ज शक्यतो पाठवणाऱ्याला करायला सांगा, पावती त्याच्याकडे असते. युनिव्हर्सल पोस्टल युनियन या देशोदेशींच्या टपालाच्या संघटनेच्या नियमांनुसार परदेशी टपालाबाबत टाकल्यापासून ६ महिन्यांच्या आत चौकशी करावी लागते. साध्या टपालाची कुठे नोंदच होत नाही, त्याच्यामागे धावू नका.

आणि हो, पाकिटं फोडलेली येत असतील, आतलं काही जात असेल किंवा पोचपावतीवर तुमची म्हणून भलतीच सही असेल, तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. त्याच दिवशी पोस्टमास्तरांकडे लेखी तक्रार द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. तिथे हालचाल झाली नाही तर तीच प्रत घेऊन वरच्या कार्यालयात जा.

दादा आजही म्हणतो, त्याच्या तक्रारीमुळेच पत्रं सुरू झाली. ती सुरू झाली कंपनीने पत्ता कागदावर दोन ओळी वर छापायला घेतल्यावर. तसा आलेला पहिला लिफाफा मी जपून ठेवलाय, कितीही आपटा, पिनकोड दिसतोच.