रत्नागिरीत बसून मालवणचा स्विच सांभाळताना

नेटवर्कचा स्विच, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणारा डबा, दुरून सांभाळायचा तर आधी टेलनेट (दुरून लॉगिन करायची जुनी पद्धत) बंद कर, त्यात पासवर्ड उघडा जातो. एसएसएच ठेव, त्यात तेच लॉगिन कूटबद्ध होऊन जातं. खरा धोका असतो तो ज्या पोर्टातून तू आत आलास त्याचंच सेटिंग बदलताना. चुकलास तर थेट मालवण गाठावं लागेल रे! म्हणून सिस्को कंपनीच्या स्विचवर बदलाआधी ‘रीलोड इन 10’ ही आज्ञा दे. संपर्क तुटलाच, तर 10 मिनिटांनी स्विच सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगवर (सेटिंगवर) रीस्टार्ट होऊन परत उठतो. सगळं नीट चाललं तर ‘रीलोड कॅन्सल’ कर आणि मगच सेव्ह कर, आधी अजिबात नको.

देखरेखीला एसएनएमपीची (उपकरणांची स्थिती दुरून विचारायच्या पद्धतीची) आवृत्ती 3 घे. पोर्टावरचे सीआरसी एरर (वाटेत बिघडून आलेल्या डेटाचे आकडे) मात्र रोज बघ. खाऱ्या हवेनं कनेक्टर गंजू लागले की बऱ्याचदा आधी तिथेच आकडे चढतात. पावसाळ्यात यूपीएसही देखरेखीत घे, म्हणजे लाइट गेलीय का स्विचच बिघडलाय ते कळेल.