मूकपटातली सुलोचना आणि तुझं हिंदी

वडोदरा

प्रिय बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हिंदीवर मराठी-गुजरातीची छाप आहे म्हणून ऑडिशनमधून तुला परत पाठवलं आणि आता तू नाट्यविभाग सोडून बँकेच्या परीक्षेला बसणार, असं तुझ्या आईकडून कळलं. बँकेत जायला माझी ना नाही, पण या कारणासाठी जाऊ नकोस. आधी रुबी मायर्सची हकिकत ऐक.

१९०७ साली जन्मलेली, पुण्याच्या बगदादी ज्यू घरातली ही मुलगी टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर कंपनीच्या मोहन भवनानींनी सिनेमात बोलावलं, तर आधी नकोच म्हणाली. चांगल्या घरच्या मुली तिकडे फिरकत नसत. शेवटी आली, ‘सुलोचना’ झाली. १९२७च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त तिनं एकटीनं आठ भूमिका केल्या. माळी तीच, पोलीसही तीच, आणि तेही एक शब्द न उच्चारता!

१९३१ला ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट आला आणि नटांना बोलणं भाग पडलं. एवढी मोठी तारका, पण तिला हिंदुस्थानी धड येत नव्हतं. तिनं वर्षभर काम थांबवलं आणि भाषा शिकली. तिच्या सगळ्या कारकिर्दीत मला हेच वर्ष सर्वांत मोलाचं वाटतं. मग तिचेच गाजलेले मूकपट तिलाच घेऊन बोलपट झाले: १९३२ला ‘माधुरी’, १९३५ला ‘अनारकली’. १९२८च्या मूक ‘अनारकली’ची नायिकाही तीच होती. १९५३च्या ‘अनारकली’त बीना राय नायिका, आणि ही सलीमची आई, जोधाबाई. कामं लहान झाली तरी ती करत राहिली. १९७३चा फाळके पुरस्कार तिला मिळाला.

तुझे दोष मोजके आहेत. ‘पैसा’, ‘मैं’ यांतला ऐ तू आपल्यासारखा ‘अइ’ करतेस. हिंदीत तो पसरट ‘ए’कडे झुकतो. हिंदीत ‘ज्ञान’चं ‘ग्यान’ होतं. ‘ख़त’मधला ख़ घशातून घासत येतो. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून हिंदी नाटकं आण, रोज अर्धा तास मोठ्यानं वाच आणि मोबाइलवर रेकॉर्ड कर. ऐक मात्र दुसऱ्या दिवशी. लगेच ऐकलं की आपले कान आपलेच लाड करतात. घरातलं मराठी मुळीच कमी करू नकोस.

परीक्षेचा फॉर्म भरायचा तर भर. पहिल्या आठवड्याचं रेकॉर्डिंग मला पाठव. कुठे अडलंस ते मिनिटासकट लिहून कळवते.

तुझ्या बाई