पेट्रोलियम की जिऑलॉजी? आधी मुलीला विचारा

प्रश्न : आम्ही बडोद्याला मकरपुऱ्यात राहतो. मुलगी बारावी सायन्स, गणिताचा गट, 74 टक्के. पेट्रोलियम इंजिनिअरिंगसाठी एका खाजगी कॉलेजात मी 50 हजार भरून जागा धरली आहे. तेल इथेच आहे, नोकरीही इथेच लागेल. ती मात्र एम. एस. युनिव्हर्सिटीत बी.एस्सी. जिऑलॉजी (भूशास्त्र) हवी म्हणून अडून बसली आहे. मुलीच्या जातीला डोंगर-खाणीत हिंडणं झेपेल का? तिची समजूत कशी काढू?
– एक वडील

उत्तर : समजूत तिची काढायची आहे असं मला वाटत नाही. पत्रात टक्के आहेत, भरलेली रक्कम आहे, पण तिला जिऑलॉजीच का हवी याबद्दल एक ओळ नाही. विचारलंत का तिला? तिला न विचारता पैसे भरलेत, आता 'पैसे बुडतील' हे ओझं तिच्या डोक्यावर येणार. चार वर्षांच्या फीपुढे 50 हजार कमीच आहेत. प्रवेश रद्द केल्यास किती परत मिळतात आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते आजच कॉलेजकडून लेखी घ्या.

'मुलीच्या जातीला' हे शब्द तिच्यासमोर पुन्हा काढू नका. 1952 च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत खाणीत कामाला बंदी होती. 2019 मध्ये केंद्र सरकारने तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी ती सैल केली. आणि पेट्रोलियम इंजिनिअर घरी बसून काम करतो असं समजलात का? तो रिगवर, म्हणजे विहीर खणणाऱ्या यंत्रावर जातो. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर तर 14 दिवस काम, 14 दिवस सुट्टी. पोस्टिंग आसामातही होतं.

'तेल इथेच आहे' यावर तुमचा सगळा निर्णय उभा आहे, म्हणून ते नीट समजून घ्या. जमिनीखाली तेलाचा तलाव नसतो. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी, भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत असताना, दख्खनचा लाव्हा वाहिला, पावागड त्यातलाच. त्याच सुमारास खंबायतपासून मेहसाण्याच्याही पुढे जाणारा पट्टा दोन्ही बाजूंच्या भ्रंशांमध्ये (जमिनीतल्या मोठ्या भेगांमध्ये) खचत गेला. त्यात समुद्र शिरला, लाव्हावर काळा चिखल साचला. तो खोल गाडला जाऊन त्याचा शेल नावाचा खडक बनला आणि साधारण 60 ते 120 अंशांवर तापला तेव्हा त्यातल्या सेंद्रिय अवशेषांचं तेल झालं. ते वर सरकत वाळूच्या खडकाच्या छिद्रांत शिरलं आणि वरच्या शेलच्या थराखाली अडकलं. तेल तयार करणारा मूळ शेल, छिद्रांचा खडक, वरचं झाकण, तेल अडेल असा थरांचा उंचवटा, यातलं एक जरी चुकलं तरी विहीर कोरडी जाते. 1958 मध्ये खंबायतजवळ लुणेजला आणि 1960 मध्ये अंकलेश्वरला हे सगळं जुळलेलं सापडलं. कुठे खणायचं हे जिऑलॉजिस्ट ठरवतो. विहीर कशी घ्यायची आणि तेल वर कसं आणायचं हे इंजिनिअर पाहतो.

पेट्रोलियम इंजिनिअरची पदवी एकाच मालाला बांधलेली आहे. 2014 नंतर कच्च्या तेलाचे भाव कोसळले तेव्हा जगभर भरती आखडली. जिऑलॉजीचं तसं नाही. झारखंड-बंगालमधलं दामोदरचं खोरं खूप आधी असंच खचलं, तिथे कोळसा मिळाला. अरवलीच्या जुन्या पर्वतपट्ट्यात जस्त-शिसं, छोटा उदेपूरकडे आंबाडुंगरला फ्लोरस्पार हे खनिज. शिवाय धरणाचा पाया, बोगदे, भूजल आहेच.

परीक्षा अशा : एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम, पुढे गेट (या दोन्ही देशपातळीवरच्या परीक्षा), आणि यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा, वय 21 ते 32.

तिलाही पारखून घ्या. प्रवेशाआधी एक दिवस दोघं पावागडला जा, बडोद्याहून 50 किलोमीटरच्या आत आहे. चढताना लाव्हाचे थर मोजू द्या : खाली बेसॉल्ट हा काळा खडक, माथ्याकडे रायोलाइट हा फिकट खडक. प्रत्येक थराची जागा आणि दिशा होकायंत्राने घेऊन वहीत लिहायची. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे यंत्र खडकाला टेकवलं की सुई भरकटते. लोखंडी हातोडी जवळ असली तरी तेच. दोन पावलं मागे येऊन पुन्हा मोजावं लागतं. उन्हात चार तासांनंतरही ती चुकलेली नोंद खोडून पुन्हा मोजायला तयार असेल, तर जिऑलॉजी घेऊ द्या, सोबत गणित-फिजिक्स ठेवून. मग जिओफिजिक्सचीही (भौतिकशास्त्राने जमिनीचा अभ्यास) वाट खुली राहते. ती दुसऱ्याच थरावर कंटाळली, तर दोन्ही अर्ज बाजूला ठेवून तिला काय आवडतं इथून पुन्हा बोला.