गायीच्या अंगावरच्या गोचिडी बाटलीत भरून नेतात, त्या कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या खानापूर तालुक्यात तुमच्या गावी काही पशुवैद्य आले, गायींना ना सुई टोचली ना औषध दिलं, नुसत्या गोचिडी चिमट्यानं काढून बाटल्यांत भरल्या आणि गेले. जवळच्या रानात माकडं मेली होती म्हणून ते आले, असं गावात बोलतात. मग माकडताप, म्हणजे गोचिडीमार्फत माकडांना आणि माणसांना होणारा विषाणूचा ताप, गायीला होतो का? आणि गोठ्यातल्या गोचिडीपासून घरच्यांना तो होईल का?

मी पशुवैद्य आहे, जांबोटीकडचाच. शिकत असताना अशा बाटल्या मीही भरल्यात, आणि "ओ डॉक्टर, एवढ्या गोचिडींचं काय लोणचं घालणार की काय?" हेही ऐकून घेतलंय.

गाय माकडतापानं आजारी पडत नाही. आणि गोठ्यात एरवी सापडणारी गोचीड माकडताप पसरवणारी नव्हे. आपण सगळ्यांना एकच नाव देऊन मोकळे होतो, पण बाटली भिंगाखाली ओतली की निदान तीन वेगळ्या जाती दिसतात.

एक ती राखाडी, रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखी टम्म फुगलेली, कासेला आणि गळ्याच्या पोळीला लटकणारी. ही जन्मभर एकाच जनावरावर राहते, फक्त अंडी घालायला खाली उतरते, आणि एका दमात दोन-तीन हजार घालते. बॅबेशिया हिच्यामार्फत येतो. गायीची लघवी काळ्या चहासारखी होते तो हा आजार. त्याचा जंतू अंड्यांतून पिल्लांत उतरतो, म्हणजे जन्मतःच पिल्लू रोग घेऊन येतं. गोचिडीमार्फत रोग पसरतो हे १८९३ साली अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांनी याच आजारावर दाखवून दिलं.

दुसरी हायलोमा. तपकिरी, लांब तंगड्यांची, भिंतीच्या फटीत दडून बसणारी. आपले लोक 'गोचीड ताप' म्हणतात तो थायलेरिया हिचा. एचएफ, जर्सीच्या संकरित गायी यात पटापट जातात, खिल्लार बरीच तग धरते. ताप १०५-१०६ वर, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजलेली. त्या गाठीत सुई घालून थेंबभर पाणी काचेवर पसरलं आणि गिम्सा रंग दिला, की पेशींच्या आत निळे ठिपक्याठिपक्यांचे गोळे दिसतात, तेच थायलेरियाचे जंतू. ते पहिल्यांदा दिसले तेव्हा मला कोण आनंद झाला होता, आणि बाहेर गायीचा मालक डोक्याला हात लावून बसलेला! लवकर कळलं तर बुपारवाक्वोनच्या इंजेक्शननं गाय वाचते. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. हायलोमा चिकटली की लगेच जंतू सोडत नाही. तिच्या लाळेत तो तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून रोज संध्याकाळी धार काढताना कानाच्या आत, शेपटाखाली हात फिरवून गोचिडी काढणाऱ्या बाईचा गोठा या तापातून बराचसा सुटतो. बाकीचे गायीवर औषध फवारतात आणि फटी तशाच सोडतात. तेच औषध वर्षानुवर्षं मारलं की पुढं गोचिडी त्याला दादही देत नाहीत.

तिसरी हेमाफायसॅलिस स्पिनिजेरा. बारीक, तांबूस, रानातली. माकडताप मुख्यतः हिच्यामुळे पसरतो. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडं पटापट मरायला लागली आणि आसपासची माणसं तापानं फणफणली. आधी पीतज्वराची शंका आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं (आजची एनआयव्ही) विषाणू वेगळा काढला तेव्हा तो निराळाच निघाला. कानडीत त्याला 'मंगन कायिले' म्हणतात. पुढे तो आपल्या दारापर्यंत आला: २०१५ला गोव्यात सत्तरीतलं पाळी, २०१६ला दोडामार्ग. चोर्ला घाट उतरलं की सत्तरीच, आणि काजूच्या हंगामात आपली किती माणसं तिकडं कामाला जातात ते मी सांगायला नको.

आता गायीचा संबंध. या गोचिडीला वाढीच्या तीन टप्प्यांत तीन वेगळी जनावरं लागतात. लहानपणी ती उंदीर, पक्षी, माकडं यांच्यावर जगते. मोठी झाली की तिला गवा, सांबर असं थोराड जनावर लागतं. रानात चरायला सोडलेली गाय-म्हैस तिला आयतीच मिळते. गाय आजारी पडत नाही, पण तिच्या रक्तावर पोसलेली मादी रानाच्या वाटेवर गळून अंडी घालते. मोठ्या गोचिडी पावसाळ्यात जास्त, म्हणून गायी तपासायच्या त्या पावसात. माणसाला चावतात ती मधल्या अवस्थेतली पिल्लं, खसखशीपेक्षा जेमतेम मोठी. ती डिसेंबर ते मे पाचोळ्यात असतात. ती धरायला पांढरा फ्लॅनेलचा कपडा जमिनीवरून ओढत न्यायचा आणि दर काही पावलांनी उलटून बघायचा. एकदा कपड्यावर चारच मिळाली आणि घरी येऊन मोजे काढले तर घोट्यावर सात.

म्हणून गोठ्याला घाबरू नका, हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या पाचोळ्याला घाबरा. सरपणाला जाताना अंगभर कपडे घाला, गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल आरोग्य खातं देतं ते लावा, आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करा. रानातून आल्यावर आठवड्याभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरला 'रानात गेलो होतो' हे आपणहून सांगा. मेलेल्या माकडाला मारुती मानून आपण हार घालून मिरवत नेतो, ते मात्र करू नका. माकड थंड पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात, आणि सगळा गाव तिथंच गोळा झालेला असतो. लांब राहा आणि वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

राहता राहिली बाटली. कोणत्या गायीवर रानातली गोचीड आहे आणि ती गाय कुठं चरते, हे कळायला ती भरतात. तिच्यावरच्या चिठ्ठीवर गाव, तारीख, जनावर, अंगावरची जागा आणि 'कुठं चरतं' एवढं लिहितात. भीमगड अभयारण्यात चराई चालत नाही म्हणून हा शेवटचा रकाना लोक हमखास खोटा सांगतात: "घरीच बांधून असते की डॉक्टर." मग भिंगाखाली त्याच गायीच्या कानातनं रानातली गोचीड निघते. पुढच्या खेपेला ते आले की गाय कुठल्या ओहोळाकडं जाते ते खरं सांगा. ते लोक वनखात्याचे नव्हेत.