पॉश, पाशी आणि न सापडलेलं तिकीट

प्रश्न आला आहे तो असा : ‘पॉश’ लिहावं की ‘पोश’? आणि हा शब्द मुंबईच्या बोटीच्या तिकिटावरून आला हे खरं का?

दुसरा भाग आधी घेतो, कारण ती बोटीची गोष्ट ऐकून कान किटलेत. परवा एका लग्नात मठ्ठ्याची वाटी हातात असताना पुन्हा ऐकावी लागली. म्हणे, विलायतेहून मुंबईला निघालेल्या साहेबाला जाताना डावीकडची केबिन हवी असे आणि परतताना उजवीकडची. दोन्ही वेळा खोली उत्तरेला, उन्हापासून लांब. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची (म्हणजे जाताना डावी, परतताना उजवी) आद्याक्षरं पीअँडओ ही बोटकंपनी तिकिटावर छापायची, म्हणून श्रीमंत तो पॉश.

असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. एकही! गोष्ट छापून आलेली दिसते ती १९३५ च्या सुमाराला. शब्द मात्र १९१४ मध्येच घोडदळातल्या शिपायांच्या झोकदार कपड्यांसाठी वापरलेला सापडतो. आणि जरा नकाशा उघडा की. सुएझ ओलांडून तांबड्या समुद्रात शिरलेली बोट जवळजवळ दक्षिणेला जाते, म्हणजे सकाळचं ऊन नेमकं डाव्या केबिनमध्ये. आद्याक्षरांचा खरा ‘पॉश’ हवा असेल तर ऑफिसच्या नोटीसबोर्डावरची ‘पॉश समिती’ बघा. ती ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट’ची, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची.

‘पोशाख’वरून, ‘सफेदपोश’वरून आला असंही कुणी ना कुणी सांगतंच. कानाला गोड लागतं, पण पुरावा? फारसी शब्द लंडनच्या गल्लीत कुठल्या वाटेने पोचला, ते कुणी दाखवत नाही.

ऑक्सफर्डचा कोश ‘मूळ अज्ञात’ म्हणून हात झटकतो. सावधपणा ठीक आहे, पण एवढा? एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चोरांच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्धा पेनी, किरकोळ नाणं. हा शब्द रोमानी, म्हणजे जिप्सी, लोकांचा. त्यांच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्धा आणि ‘पॉश-हॉरी’ म्हणजे अर्धा पेनी. १८८९-९० च्या एका गावठी इंग्रजीच्या कोशात पॉशचे अर्थ दिलेत ते असे : पैसा, आणि छानछोकी करणारा माणूस. कोशकारांपैकी चार्ल्स लेलँड हा रोमानीचा पक्का अभ्यासक. पैसा, मग पैसेवाला, मग नटवा, मग झकपक. एवढ्या चार पायऱ्या चढायला ऑक्सफर्डकरांचे गुडघे का दुखतात कळत नाही. मधली एक पायरी डगमगते, मान्य. पण पायरी डगमगते म्हणून जिनाच नाही म्हणायचं?

आता खरी गंमत. रोमानी ही आपल्याच घरची भाषा, हजारएक वर्षांपूर्वी भारतातून बाहेर पडलेली. पाण्याला ती अजून ‘पानी’ म्हणते. इंग्रजीतला ‘पॅल’, म्हणजे दोस्त, हा रोमानीतला ‘फ्राल’, म्हणजेच संस्कृत ‘भ्राता’. आणि हा ‘अर्धा’वाला पॉश? तो ‘पार्श्व’. पार्श्व म्हणजे बाजू. वस्तूच्या दोन बाजू, त्यातली एक म्हणजे अर्धी. त्याच पार्श्वातून हिंदीचा ‘पास’ निघाला आणि आपला ‘पाशी’. दारापाशी, चुलीपाशी, आईपाशी. आजी ‘ये माझ्यापाशी’ म्हणायची, त्यातला पाशी! तो विलायतेत जाऊन अर्ध्या पेनीचा झाला आणि, माझं ऐकाल तर, कोट-टोपी घालून ‘पॉश एरिया’ म्हणून आपल्याकडे परत आला. हे मी गेली कित्येक वर्षं सांगतोय. बोटीच्या गोष्टीला मात्र टाळ्या पडतात.

आपण ‘पॉश फ्लॅट’ म्हणतो ते कौतुकाने. इंग्लंडात माणसाला पॉश म्हणताना बहुधा त्याच्या उच्चारांवर आणि बड्या घराण्यावर तिरकस बोट असतं. तिथल्या पाहुण्याला तोंडावर पॉश म्हणण्याआधी जरा जपून.

हां, लिहायचं कसं ते राहिलंच. ‘पॉश’. ‘पोश’ लिहिलंत तर पुन्हा कुणीतरी पोशाख काढील.