झिप फाईल आकसली, म्हणून शोध लागला का?

प्रश्न : मी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मानवी मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या) डीएनएची फाईल सहज झिप करून पाहिली, तर ती तिसऱ्या हिश्श्याहून लहान झाली. झिप पुनरावृत्ती शोधून फाईल लहान करते, म्हणजे डीएनएत पुनरावृत्ती ठासून भरलीय ना? याच विषयात पुढे जायचंय, पण बारावीला गणित नव्हतं. बायोइन्फॉर्मेटिक्स (जीवशास्त्राची माहिती संगणकाने तपासण्याचं शास्त्र) घेऊ का?

उत्तर : कुणी न सांगता फाईल झिप करून बघितलीस, हे मला तुझ्या मार्कांपेक्षा जास्त आवडलं. निष्कर्ष मात्र चुकला. टेक्स्ट फाईलमध्ये प्रत्येक अक्षराला 8 बिट, म्हणजे 1 बाइट लागतो. डीएनएत अक्षरं चारच (ए, सी, जी, टी), त्यामुळे प्रत्येकाला 2 बिट पुरतात. म्हणजे तुझ्या फाईलमधली डीएनएची 16,569 अक्षरं काहीही डोकं न लढवता, पुनरावृत्ती न शोधताही, 4,143 बाइटमध्ये, म्हणजे चौथ्या हिश्श्यात मावतात. तुझी झिप फाईल बहुधा याहून मोठीच निघेल.

आता असं कर. नावाची पहिली ओळ आणि मधले एंटर काढून टाक. मग तीच अक्षरं पायथॉनमध्ये (ही प्रोग्रॅमिंगची भाषा) पत्त्यांसारखी पिसून पुन्हा झिप कर. एकदा नाही, शंभरदा. मूळ फाईल या शंभरांहून स्पष्टपणे लहान झाली, तरच अक्षरांच्या क्रमात काही आहे म्हणायचं. (हे करताना तू संख्याशास्त्रच शिकत असशील. गणिताची धास्ती घेतलीयस म्हणून सांगतो.)

तरीही झिपला डीएनए कळत नाही. डीएनएच्या दोन धाग्यांत एसमोर टी आणि सीसमोर जी येतं, आणि समोरचा धागा उलट्या दिशेने वाचतात; म्हणून एका धाग्यावरचं एएजीसी समोरच्या धाग्यावर जीसीटीटी असं वाचलं जातं, ते नातं तिला दिसत नाही. ग्रुमबाख आणि ताही यांनी 1993 मध्ये खास डीएनए दाबण्यासाठी बायोकॉम्प्रेस ही पद्धत तयार केली, त्यात अशा उलट्या जोड्याही शोधल्या जातात. शिवाय पिसलेली फाईल सहसा सर्वांत कमी दबते, म्हणून या मापाने तीच जास्त गुंतागुंतीची ठरते, आणि जीवशास्त्राच्या दृष्टीने ती निव्वळ कचरा! उलट हंटिंग्टनच्या आजारात (हा मेंदूचा आनुवंशिक आजार) सीएजी ही तीन अक्षरं सलग 40 किंवा जास्त वेळा येतात. झिप ती चुटकीसरशी दाबते, पण पेशंटचं आयुष्य त्यांवरच ठरतं. हा फरक नुसत्या प्रोग्रॅमरला दिसणार नाही. तुझं मायक्रोबायोलॉजी इथे कामी येतं.

तेव्हा एमएस्सी बायोइन्फॉर्मेटिक्स जरूर घे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात हा विषय आहे. गणिताची अट ठिकठिकाणी वेगळी असते, त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाच. महागड्या सर्टिफिकेट कोर्सच्या नादी लागू नकोस. या सुट्टीत संभाव्यता आणि पायथॉन, एवढंच पुरे.

आणि त्या शंभर फाईलींचे आकडे मला कळव.