युजरची खाती साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवताना

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पन्नासेक हळद अडत्यांना लॉगिन द्यायचंय, तर टेक्स्ट फाइलवर काम भागेल. घाबरू नका. पण फाइल पब्लिक_एचटीएमएलच्या (साइटच्या ज्या फोल्डरमधलं ब्राउझरला दिसतं, त्याच्या) आत ठेवू नका. युजर्स.टीएक्सटी हे नाव कुणीही ब्राउझरमध्ये टाकून बघतं, आणि सगळी यादी समोर उघडते. त्या फोल्डरच्या एक पायरी वर ठेवा, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येतं). (७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं; दिलं की चालतं, म्हणून देऊ नका!)

पासवर्ड जसाच्या तसा कधीच लिहू नका, त्याचा हॅश लिहा, म्हणजे उलटा फिरवता न येणारा ठसा. एमडी५ ही जुनी हॅश पद्धत पण नको, ते फार झटपट चालतं, म्हणून फोडणाऱ्याचंच फावतं. पीएचपीत पासवर्ड_हॅश आणि तपासायला पासवर्ड_व्हेरिफाय, बस. बीक्रिप्टचा (पासवर्ड_हॅशच्या नेहमीच्या पद्धतीचा) हॅश ६० अक्षरांचा असतो, त्यात कोलन येत नाही. म्हणून एका ओळीत एक खातं, मध्ये कोलन (नाव, हॅश, अधिकार):

रमेश:हॅश:सभासद

नवखे हमखास फसतात ते इथे. नावाच्या रकान्यात कुणी कोलन किंवा नवी ओळ घुसवली, तर फाइलीत आयतं ॲडमिन खातं तयार होतं. नावात फक्त अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर चालू द्या. बाकी काही दिसलं की अर्ज परत. जावास्क्रिप्टमधली तपासणी पुरत नाही, सर्व्हरवर करा.

दोघांनी एकदम नोंदणी केली तर एकाची ओळ पुसली जाते. वाचण्याआधी एफलॉक या पीएचपी फंक्शनने फाइलला कुलूप लावा, लिहून झाल्यावरच काढा.

सॉल्ट, टोकन वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका. सॉल्ट (प्रत्येक पासवर्डात मिसळायचा वेगळा यादृच्छिक मजकूर) पासवर्ड_हॅश स्वतःच घालतं. खाती वाढली की एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसकडे वळा, तीही एकच फाइल असते.